तारमास्तर, तबला आणि हॅम रेडिओचा परवाना

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत पाणी चढत होतं तेव्हा माझी धाकटी बहीण, तिचा नवरा आणि सासूबाई तिथेच होत्या. "पाणी दुसऱ्या पायरीला लागलंय, आम्ही वरच्या मजल्यावर जातोय," एवढाच शेवटचा फोन. त्यानंतर जवळजवळ दोन दिवस काही नाही. टॉवरला वीज नव्हती, लोकांच्या फोनच्या बॅटऱ्या उतरलेल्या. कऱ्हाडात आम्हीही कृष्णा-कोयनेच्या पाण्याकडे डोळे लावून बसलो होतो, आणि सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटरवरच्या माणसाची खबर मिळत नव्हती. बहीण सुखरूप बाहेर आली, पण ते दोन दिवस माझ्या मनातून गेले नाहीत.

पतसंस्थेतल्या एका सहकाऱ्याच्या तोंडी तेव्हा पहिल्यांदा 'हॅम रेडिओ', म्हणजे हौशी रेडिओ, हा शब्द ऐकला. टॉवर नको, केबल नको; गाडीची बॅटरी, एक रेडिओ आणि झाडाला बांधलेली तार एवढ्यावर माणूस माणसाशी बोलतो, असं तो म्हणाला. मग वाचत गेले. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद नावाच्या बाई हौशी रेडिओच्या मोहिमेवर पोर्ट ब्लेअरला होत्या. त्सुनामी आली, बाकीचं सगळं बंद पडलं, आणि त्यांच्या रेडिओवरून अंदमानातल्या माणसांचे निरोप बाहेर जायला लागले. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. तरी सुरुवात केली नाही. संसार, नोकरी, मुलीची दहावी, नंतर करोना. जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेलं, पुन्हा तेच, फोन लागत नाहीत, लोक गच्चीवर. आता मात्र उठलेच.

परवान्याच्या आधी सरकारची परीक्षा द्यावी लागते. दूरसंचार विभागाची वायरलेस शाखा ती घेते आणि वयाची बारा वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही बसता येतं. दोन दर्जे आहेत. रिस्ट्रिक्टेड म्हणजे खालचा, त्याला फक्त लेखी. जनरल म्हणजे वरचा, त्याला लेखी जास्त कडक, आणि वर मोर्स, म्हणजे छोट्या-लांब ठोक्यांची तारेची लिपी: मिनिटाला ८ शब्दांच्या वेगानं घेणं आणि पाठवणं. खालच्या दर्जाला व्हीयू३ नं सुरू होणारी खूण, म्हणजे रेडिओवरची ओळख, मिळते, वरच्याला व्हीयू२. ओळखीतल्या सगळ्यांनी सांगितलं, आधी रिस्ट्रिक्टेड दे, मोर्सच्या नादाला लागू नकोस. मी ऐकलं नाही, आणि त्याला कारण आमच्या आळीतले तारमास्तर.

काका चाळीसएक वर्षं तार खात्यात होते. १९६७ च्या कोयनेच्या भूकंपानंतर दोनेक वर्षांनी लागले. पुढे टेलिप्रिंटर आले, कॉम्प्युटर आले, २०१३ च्या जुलैत तार बंदच झाली; तोवर काका निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. मी त्यांना विचारायला गेले तेव्हा ते भाजी निवडत होते. मी म्हटलं, "काका, तुम्हाला मोर्स अजून येतं का हो?" ते काही बोलले नाहीत. ताटातली वाटी उपडी घातली आणि चमच्याच्या दांड्यानं तिच्यावर टकटक सुरू केली. थांबले आणि म्हणाले, "तुझं नाव वाजवलं. आता सांग, येतं का."

मग आमचा करार झाला. त्यांनी मला मोर्स शिकवायचं, मी त्यांना रेडिओचं शास्त्र शिकवायचं, आणि दोघांनी मिळून जनरलची परीक्षा द्यायची. मी शास्त्र शिकवणार म्हणजे आदल्या रात्री शिकून दुसऱ्या दिवशी सांगणार. काकांनी उभ्या आयुष्यात तारा वाजवल्या होत्या, पण त्या तारेतून नेमकं काय वाहतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझा कागद फाडला. मी इंटरनेटवरून ठिपके आणि रेघांचा तक्ता छापून आणला होता. "हे डोळ्यानं शिकशील तर वर्षभर चाचपडशील. ठिपका बघायचा, मग मोजायचा, मग अक्षर आठवायचं, तोवर पुढची चार अक्षरं निघून गेली. कानानं घे."

मी लहानपणी सहा वर्षं तबला शिकले होते. लग्नानंतर डग्गा माळ्यावर गेला तो गेलाच. मोर्स ऐकायला लागले आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी हाताला जुनी ओळख पटली. हे बोलच आहेत! छोटा ठोका 'ति', लांब ठोका 'धा'. ए म्हणजे 'ति धा', एन म्हणजे 'धा ति'. आर म्हणजे 'ति धा ति', के म्हणजे 'धा ति धा'. आणि हिशेबही मात्रांचा. 'ति' एक मात्रेचा, 'धा' तीन मात्रांचा. एकाच अक्षरातल्या दोन ठोक्यांमध्ये एक मात्रा मोकळी, दोन अक्षरांमध्ये तीन, दोन शब्दांमध्ये सात. शब्द संपला की रूपकाचं एक आवर्तन गप्प बसायचं, असं मी वहीत लिहून ठेवलं. वेग मोजायला जगभर 'पॅरिस' हा शब्द धरतात, कारण मागच्या मोकळ्या जागेसकट तो बरोबर ५० मात्रांचा होतो. मिनिटाला ८ शब्द म्हणजे ४०० मात्रा. मध्य लयीत मिनिटाला १०० मात्रा धरायच्या आणि चौगुन करायची, झाले ४००. परीक्षेचा वेग मी मेट्रोनोमवर हा असा बसवला.

पण लय कळली म्हणजे हात बसला असं नाही. किल्लीवर, म्हणजे मोर्स वाजवायच्या खटक्यावर, माझा 'धा' आखूड पडायचा. काका डोळे मिटून ऐकायचे आणि मध्येच बोट वर करायचे. "हा एन आहे का आय?" मनगट मोकळं ठेवायचं, बोटांनी टोचायचं नाही, कोपर टेबलावर. तार ऑफिसात समोरच्या गावाहून कोण बसलंय हे नाव न सांगता कळायचं म्हणे, नुसत्या हातावरून. तबल्यातही आम्ही असंच म्हणतो, हात ओळखू येतो. अक्षर वेगात वाजवायचं आणि दोन अक्षरांमध्ये श्वास सोडायचा, हेही त्यांनीच शिकवलं. सावकाश वाजवलेलं अक्षर मनात तुकड्यांनी बसतं आणि पुढे वेग वाढवताना ते सगळं मोडून नव्यानं बांधावं लागतं.

काकांना एक अडचण अशी आली की मी चकित झाले. मी मोबाइलवर मोर्सचा सराव लावला, पीं पीं असा सूर येतो तो. त्यांना पहिली दोन मिनिटं एक अक्षर लागेना. तार ऑफिसातलं यंत्र, म्हणजे साउंडर, सूर काढत नाही. नुसतं कट् आणि कड् वाजतं, आणि त्या दोन आवाजांमधलं अंतर ऐकायचं असतं. ते आवाज नीट ऐकू यावेत म्हणून साउंडरच्या मागे सिगारेटचा रिकामा पत्र्याचा डबा उभा करायचे, त्यात ते घुमायचे. चाळीस वर्षं कान आघाताला लागलेला, त्याला आता सूर ऐकायचा होता. आठवडाभर ते चिडचिडे होते. मग एका संध्याकाळी फाटकातूनच हाक मारली, "लागलं गं! सगळं लागलं!"

शास्त्राचा भाग माझ्यासाठी जास्त जड होता. मी मराठी माध्यमाची. विद्युतधारा, विभवांतर, रोध, एकसर जोडणी, समांतर जोडणी हे शब्द डोक्यात होते, आणि परीक्षेचा पेपर इंग्रजीत. पहिला महिना मी पानाच्या डाव्या बाजूला इंग्रजी शब्द आणि उजव्या बाजूला शाळेतला शब्द असं मांडत बसले. त्याचा फायदा असा झाला की दहावीत पाठ करून विसरलेलं सगळं पहिल्यांदा खरोखर समजलं. ओहमचा नियम मी तेव्हा दहा मार्कांसाठी लिहिला होता. आता तो वापरून बारा व्होल्टच्या बॅटरीवर रेडिओ किती वेळ चालेल ते काढत होते, आणि ते काढताना डोळ्यांपुढे सांगलीचा वरचा मजला होता.

रेझिस्टरवरच्या, म्हणजे रोधावरच्या, आकडे सांगणाऱ्या रंगांच्या पट्ट्या पाठ करायच्या असतात, शून्य ते नऊ. इंग्रजी पुस्तकात त्यासाठी एक वाक्य दिलेलं, ते माझ्या जिभेवर बसेना. एके दिवशी पट्ट्यांकडे बघता बघता लक्षात आलं की मधले सहा रंग म्हणजे आपलं इंद्रधनुष्य आहे. तानापिहिनिपाजा! फक्त पारवा गाळायचा. तांबडा २, नारिंगी ३, पिवळा ४, हिरवा ५, निळा ६, जांभळा ७. अलीकडे काळा शून्य आणि तपकिरी १, पलीकडे राखाडी ८ आणि पांढरा ९. काकांनी हे एका दमात पाठ केलं आणि परत कधी चुकले नाहीत. कुणी मराठीतून शिकत असेल तर त्याला हे आवर्जून सांगा.

सगळ्यात जास्त मी रमले ती अँटेनात. सूत्र सोपं आहे: ३०० भागिले मेगाहर्ट्झमधली वारंवारता, म्हणजे लहरीची लांबी मीटरमध्ये. ७.१ मेगाहर्ट्झला ती येते सव्वाबेचाळीस मीटर. त्याचे निम्मे एकवीस मीटर आणि थोडं, आणि खऱ्या तारेला पाचेक टक्के कमी लागतात, म्हणजे वीस मीटर. मध्ये कापायची, दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर. याला डायपोल म्हणतात. कागदावर सोडवून सोडून देण्यापेक्षा म्हटलं बांधूनच बघू. वायरिंगच्या दुकानातून तांब्याची वायर आणली. मधल्या जोडाला पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा, टोकांना नायलॉनची दोरी. एक टोक आमच्या पाण्याच्या टाकीच्या पाइपला, एक शेजारच्यांच्या आंब्याला, आणि मध्य उंच बांबूवर. ऐकायला परवाना लागत नाही अशा सर्वसाधारण शॉर्टवेव्ह रिसीव्हरांपैकी, एसएसबी, म्हणजे हौशी लोक बोलायला वापरतात ती पद्धत, पकडणारा एक छोटा सेट घेतला होता. त्याला ती जोडली.

एसएसबीवरचा माणूस नीट लागला नाही तर बदकासारखा बोलतो. मी बटण केसाएवढं फिरवत होते. बदक, बदक, बदक, आणि एकदम स्वच्छ कानडी वळणाचं इंग्रजी: बंगळुरूचे एक गृहस्थ नागपूरच्या कुणालातरी हवामान सांगत होते. मध्ये काही नाही. ना कंपनी, ना टॉवर. वर आकाश आणि आमच्या गच्चीवरची वायर. मुलीला हाक मारली, ती आली आणि मी तिला काही सांगू शकले नाही, गळा दाटून आला होता.

त्याच वायरीनं मला आयनोस्फिअरचा, म्हणजे रेडिओच्या लहरी परतवणाऱ्या आकाशातल्या थरांचा, धडा शिकवला. दिवसा ७ मेगाहर्ट्झवर पुणे, हैदराबाद, बंगळुरू, नागपूर जोरात. दिवस मावळला की हे जवळचे हळूहळू बुडायला लागतात आणि लांबच्या भाषा वर येतात. पुस्तकात होतं की साधारण ६० ते ९० किलोमीटरवरचा डी थर दिवसा लहरी शोषतो आणि सूर्य गेला की विरतो. मग लहरी अडीच-तीनशे किलोमीटरवरच्या एफ थरापर्यंत पोचून लांब जाऊन उतरतात. हा प्रश्न मी चार वेळा चुकले होते. गच्चीत बसून तीन संध्याकाळी ऐकलं, आणि नंतर कधी चुकले नाही.

नियमांचा भाग कोरडा वाटतो पण तो मनापासून करावा. या रेडिओवर धंद्याचं बोलायचं नाही, गाणी लावायची नाहीत, गुप्त सांकेतिक भाषा वापरायची नाही, प्रत्येक संभाषणाची नोंद वहीत ठेवायची. क्यू कोड, म्हणजे क्यूनं सुरू होणारी ठरलेली तीन अक्षरी लघुरूपं, पाठ करताना काका माझ्या पुढे होते. क्यूआरएम म्हणजे दुसऱ्या स्टेशनांचा अडथळा, क्यूआरएन म्हणजे निसर्गाचा, विजा वगैरे. या दोघांत मी कायम गोंधळायचे. काका म्हणाले, "एन म्हणजे निसर्ग. संपलं."

अर्ज सरल संचार पोर्टलवर भरायचा. माझा एकदा परत आला, कारण शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं. लग्न झालेल्या बायकांनी नाव बदलाचा कागद आधीच हाताशी ठेवावा, माझे पाच आठवडे त्यात गेले.

परीक्षा मुंबईत, बोरिवलीला गोराई रोडवरच्या मॉनिटरिंग स्टेशनात. २०२२ चा नोव्हेंबर. आम्ही रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसनं निघालो. काकांनी इस्त्रीचा पांढरा सदरा वेगळ्या पिशवीत घेतला होता आणि दादरला उतरायच्या आधी गाडीतच बदलला. खोलीत पंधरा-वीस जण असतील. इंजिनिअरिंगची मुलं, एक जहाजावर नोकरी करणारा, वडिलांबरोबर आलेला एक शाळकरी मुलगा. सगळ्यांत वयस्कर काका.

लेखी पेपर दोन तासांचा, पर्यायांचा. जनरलला शास्त्र आणि नियम या दोन्ही विभागांत निदान ५० टक्के आणि एकूण ५५ लागतात. डायपोलच्या लांबीचा प्रश्न आला आणि मला आंब्याची फांदी दिसली. मग मोर्स. आधी घेणं. पहिली दोन अक्षरं माझ्याकडून सुटली, आणि काकांचं वाक्य आठवलं: "सुटलं ते सुटलं, त्याच्या मागे पळालीस तर पुढचंही जाईल." रेघ मारून पुढे गेले. पाठवताना हात थरथरत होता. मी मनात तीनतालाचा ठेका धरला आणि किल्लीवर हात ठेवला.

काकांची पाळी आली तेव्हा खोलीतली कुजबुज थांबली. त्यांनी किल्लीचा स्क्रू किंचित सैल केला, एकदा रिकामी दाबून बघितली आणि वाजवायला लागले. त्या मुलांनी मोर्स फक्त कॉम्प्युटरचं ऐकलं होतं. माणसाच्या हातचं असं, एकही ठोका कमी-जास्त नसलेलं मोर्स मीही पहिल्यांदाच बाहेरच्या जगात ऐकत होते, आमच्या पडवीबाहेर. परीक्षक अधिकाऱ्यांनी विचारलं, "तार खात्यात होता का?" काका फक्त "हो साहेब" म्हणाले.

निकाल बऱ्याच आठवड्यांनी आला. मी पास. काका मोर्समध्ये उत्तम, नियमांत उत्तम, आणि शास्त्राच्या विभागात थोडक्यासाठी राहिले. मला ते त्यांना सांगायला जायचं धैर्य होईना. कपॅसिटर आणि रेझिस्टरच्या जोडण्या मी त्यांना घाईनं शिकवल्या होत्या, शेवटच्या आठवड्यात, हे मला पक्कं ठाऊक होतं. ते म्हणाले, "पुन्हा बसू. मला कुठे घाई आहे."

पुढे पडताळणी झाली, घरी पोलीस येऊन चौकशी करून गेले, शुल्क भरलं, आणि परवाना हातात पडायला आणखी काही महिने लागले. या काळात पाठवायचं नाही, फक्त ऐकायचं, आणि हे मी काटेकोर पाळलं. व्हीयू२ आणि पुढची तीन अक्षरं. ती तीन अक्षरं मी पहिल्या दिवशी शंभरदा तरी किल्लीवर वाजवली असतील, रेडिओ न जोडता.

रेडिओ घेतला तो यूबिटेक्स. हैदराबादच्या अशहर फरहान यांनी तयार केलेला हा सेट, दहा वॅटच्या आसपास ताकद, बॅटरीवर चालतो. रविवारी सकाळी पहिल्यांदा लावला. काका माझ्या डाव्या हाताला बसले, दुसरा हेडफोन त्यांच्या कानाला. मी त्यांना म्हटलं, "काका, पहिला ठोका तुमचा असायला हवा होता." त्यांनी मान हलवली. परवाना नाही तोवर चालू सेटच्या किल्लीला हात लावायचा नाही, हे मी सांगण्याआधीच त्यांनी ठरवलं होतं. दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते, आणि उजव्या हाताची दोन बोटं धोतरावर हळूहळू हलत होती.

मी सीक्यू वाजवलं. धा ति धा ति, धा धा ति धा. कुणी आहे का. तीनदा, मग माझी खूण, मग कान. खरखर. पुन्हा वाजवलं. पुन्हा खरखर. चौथ्या वेळी खरखरीच्या तळाशी काहीतरी बारीक वाजलं. मी पेन्सिल टेकवेपर्यंत काकांनी वर्तमानपत्राच्या कडेला पूर्ण खूण लिहून कागद माझ्याकडे सरकवला होता. "केरळातला आहे बहुतेक. हात छान आहे त्याचा. दे, उत्तर दे, वाट बघायला लावू नकोस."

सात-आठ मिनिटं बोललो असू. नाव, गाव, सिग्नल किती जोरात येतोय, हवामान. शेवटी त्यानं ७३ पाठवलं, म्हणजे शुभेच्छा, मीही पाठवलं. वहीत वेळ लिहिली, वारंवारता लिहिली. काकांनी हेडफोन काढून नीट गुंडाळून ठेवला, खिशातून चष्मा काढला आणि माझी जुनी वही पुढ्यात ओढली.

"हां, आता सांग. समांतर जोडले की बेरीज कुणाची होते, कपॅसिटरची का रेझिस्टरची?"

"कपॅसिटरची. दोन हंडे शेजारी ठेवले की पाणी दोन्हींचं मावतं ना, तसं."

"आणि रेझिस्टर?"

"दोन बारीक नळ्या एकापुढे एक जोडल्या तर पाण्याला अडचण दुप्पट. म्हणजे एकसर जोडले की बेरीज."

"थांब," ते म्हणाले, "हंड्याचं चित्र काढून घेतो."